मागची-पुढची लिंक भलत्याच पोस्टवर जातेय? आधी हे तपासा, याच क्रमाने

ब्लॉगच्या पोस्टखाली दोन लिंका टाकायच्या, एक मागच्या पोस्टची आणि एक पुढच्या पोस्टची. काम दिसायला इतकं किरकोळ की कुणी त्याचा वेगळा विचारच करत नाही, प्रोजेक्टच्या शेवटी उरलेल्या अर्ध्या तासात उरकून टाकतात, आणि मग तीन महिन्यांनी फोन येतो की अहो ते नेक्स्ट दाबलं की भलतीकडेच जातंय. हा बिघाड मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या कोडमध्ये मिळून इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता मी आधी एकच गोष्ट विचारतो: भलतीकडे म्हणजे नेमकं कुठे? कारण चुकलेली लिंकसुद्धा उगाच कुठेही जात नाही, ती कुठे जाते यावरून चूक कुठे आहे ते निम्मं कळतं.

म्हणून आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते बघा.

- काही ठराविक पोस्टवरूनच "पुढची" दाबलं की ४०४ (पान सापडलं नाही) येतं, बाकी सगळीकडे व्यवस्थित चालतं.
- "मागची" बरोबर जाते पण "पुढची" ७ नंबरच्या पोस्टवरून थेट ७१ वर उडी मारते.
- कुठल्याही पोस्टवरून "मागची" दाबा, दरवेळी ब्लॉगची सगळ्यात पहिली पोस्टच उघडते.
- "पुढची" दाबलं की तीच पोस्ट परत उघडते.
- एखादी पोस्ट यादीत दिसते पण लिंका दाबत गेलं की ती कधी लागतच नाही, दोन्ही बाजूंनी वगळली जाते.
- सगळ्यात जुन्या पोस्टवर "मागची" दिसायलाच नको, तर दिसते, आणि सगळ्यात नव्या पोस्टवर नेऊन सोडते. गोल गोल.
- अजून प्रसिद्ध न केलेल्या किंवा उद्यासाठी लावून ठेवलेल्या पोस्टचं शीर्षक "पुढची" म्हणून झळकतं.
- नवी पोस्ट टाकली तरी तिच्या आधीच्या पोस्टवर "पुढची" उगवत नाही.
- वरचा पत्ता बदलतो, मजकूर मात्र तोच राहतो.
- एकच लिंक असली की ती चुकीच्या बाजूला जाऊन चिकटते.
- आपल्या मशीनवर सगळं छान, सर्व्हरवर मात्र क्रम वेगळा.

दोन-तीन लक्षणं एकदम दिसली तरी घाबरू नका, मूळ बहुतेक वेळा एकच असतं: यादीच्या पानावर पोस्ट ज्या रांगेत उभ्या आहेत ती रांग वेगळी, आणि लिंक काढताना कोडने मनात धरलेली रांग वेगळी. शेजारी कोण हे विचारायच्या आधी रांग कुठली ते ठरलेलं असावं लागतं, आणि नेमकं तेच कुणी ठरवलेलं नसतं.

कोडला हात लावायच्या आधी

पाच मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि माझ्या अनुभवात लोक हेच टाळतात.

इनकॉग्निटो विंडो उघडा आणि लॉगिन न करता बघा. तुम्ही ॲडमिन म्हणून आत असता तेव्हा बऱ्याच सिस्टीम तुम्हाला ड्राफ्टही दाखवतात, त्यामुळे तुम्हाला जो "बिघाड" दिसतोय तो वाचकाला दिसतच नसेल, किंवा उलटंही असू शकतं. मग माऊस नुसता लिंकवर न्या, क्लिक करू नका, ब्राउझरच्या तळाशी पत्ता दिसतो तो वाचा. इथे प्रश्नाचे सरळ दोन भाग होतात. पत्ता बरोबर आहे पण पान चुकीचं उघडतंय, तर घोळ राउटिंगमध्ये (पत्त्यावरून पान ठरवणारा कोड), कॅशेमध्ये (साठवून ठेवलेली जुनी प्रत) किंवा फ्रंटएंडमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) आहे, आणि तुम्ही डेटाबेसच्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) दोन तास घातले तरी हाती काही लागणार नाही. पत्ताच चुकीचा आहे, तर घोळ टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) किंवा क्वेरीत.

आता जाऊन-येऊन चाचणी. सगळ्यात नव्या पोस्टवर उभं राहायचं आणि "मागची" दाबत दाबत तळापर्यंत जायचं, वाटेत शीर्षकं लिहून घ्यायची. मग तिथून "पुढची" दाबत वर यायचं, परत लिहायचं. दोन्ही याद्या एकमेकींच्या बरोब्बर उलट्या यायला हव्यात आणि यादीच्या पानाशीही जुळायला हव्यात. शेकडो पोस्ट असतील तर हे हाताने करू नका, लोकल कॉपीवर दहा-बाराच पोस्ट ठेवा आणि त्यात मुद्दाम खोड्या घाला: दोन पोस्टची तारीख-वेळ अगदी सारखी, एक ड्राफ्ट, एक उद्याच्या तारखेची, आणि मधली एक डिलीट केलेली. एवढ्या चार खोड्यांत वरची बहुतेक लक्षणं पकडली जातात. जिथे याद्या फाटतात त्या पोस्टचं नाव लिहून ठेवा, पुढे लागेल.

बिघाड नसून शब्दांचा घोळ असेल तर

मागची म्हणजे जुनी, की यादीत वर असलेली? हसू नका, निम्मी भांडणं इथेच आहेत. ब्लॉगच्या यादीत नवी पोस्ट वर असते, त्यामुळे खाली वाचत जाणाऱ्याला "पुढची" म्हणजे अजून जुनी वाटते, आणि तारखेने विचार करणाऱ्याला "पुढची" म्हणजे नवी. वर्डप्रेसमध्ये तर एकाच सिस्टीममध्ये दोन्ही अर्थ नांदतात: प्रीव्हियस_पोस्ट_लिंक हे एकेरी फंक्शन जुन्या पोस्टकडे नेतं, पण प्रीव्हियस_पोस्ट्स_लिंक हे अनेकवचनी फंक्शन यादीच्या आधीच्या पानावर, म्हणजे नव्या पोस्टकडे नेतं. एका "स"चा फरक आणि दिशा उलटी. जेकिल या स्टॅटिक साइट बनवणाऱ्या साधनात पेज.नेक्स्ट म्हणजे नवी आणि पेज.प्रीव्हियस म्हणजे जुनी. ह्यूगो या तशाच साधनात पानं आधी वेटने (हाताने दिलेला क्रमाचा आकडा) लागतात आणि मग तारखेने, म्हणजे कुणी एखाद्या पोस्टला गंमत म्हणून वेट देऊन ठेवलं असेल तर ती एकटीच रांग सोडून भलतीकडे जाऊन बसते आणि आपण तारखा तपासत बसतो.

माझं मत विचाराल तर लिंकवर नुसता बाण किंवा "नेक्स्ट" लिहूच नका, "जुनी पोस्ट" आणि "नवी पोस्ट" लिहा आणि सोबत त्या पोस्टचं शीर्षक द्या. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तेच बरं, आणि तक्रार आली तर काय चुकलंय ते वाचूनच कळतं.

एकच लिंक चुकीच्या बाजूला

हे फक्त सीएसएस आहे, लगेच सोडून देऊ. दोन लिंका फ्लेक्सबॉक्समध्ये स्पेस-बिटवीन लावून ठेवलेल्या असतात, दोन असल्या की एक डावीकडे एक उजवीकडे, पण एकच उरली की ती डावीकडेच बसते. उजवीकडच्या लिंकला मार्जिन-लेफ्ट ऑटो द्या, झालं. आणि शेजारी नसेल तिथे रिकामी, कुठेच न जाणारी लिंक ठेवू नका, ती काढूनच टाका, नाहीतर लोक दाबत बसतात.

पत्ता कसा बनतोय

"माझ्या मशीनवर चालतंय" याचं एक कारण इथे असतं. लिंकमध्ये नुसता स्लग (पोस्टचं पत्त्यातलं छोटं नाव) लिहिला असेल, पुढे स्लॅश नाही काही नाही, तर ब्राउझर तो चालू पत्त्याच्या संदर्भाने लावतो. पान /पोस्ट/पहिली असं उघडलं असेल तर "दुसरी" ही लिंक /पोस्ट/दुसरी होते, बरोबर. पण सर्व्हर शेवटी स्लॅश लावत असेल, /पोस्ट/पहिली/ असं, तर तीच लिंक /पोस्ट/पहिली/दुसरी होते आणि ४०४. लोकलला स्लॅश नाही, सर्व्हरवर आहे, आणि कोड शब्दाने बदललेला नाही. हाताने सुरुवातीला स्लॅश लावून भागतं, पण ॲप उद्या सबफोल्डरमध्ये टाकलं की तेही मोडतं, म्हणून फ्रेमवर्क जी पत्ता बनवायची सोय देतं तीच वापरा.

कॅशे

नवी पोस्ट टाकली आणि आधीच्या पोस्टवर "पुढची" येत नाही, पण थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या दिवशी आपोआप येते? मग कोड ठीक आहे, पान शिळं आहे. पोस्ट प्रसिद्ध केली की आपण तिचं पान आणि यादीचं पान ताजं करतो, पण शेजाऱ्याचं पानही बदललेलं असतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. स्टॅटिक पानं बनवणाऱ्या ॲपमध्ये आणि पुढे सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) लावलेल्या साइटवर हे हमखास.

नियम असा: पोस्ट आत आली, बाहेर गेली, तिचं शीर्षक किंवा स्लग बदललं, की तिच्या दोन्ही शेजाऱ्यांची कॅशे उडवायची. आणि तारीख बदलली तर चार शेजारी, दोन जुन्या जागेचे आणि दोन नव्या जागेचे. तारीख बदलायच्या *आधी* जुने शेजारी शोधून ठेवावे लागतात, सेव्ह झाल्यावर ते सापडत नाहीत, हे मी स्वतः ठेच लागूनच शिकलो. तपासायची सोपी पद्धत म्हणजे पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून काहीतरी फालतू जोडायचं आणि उघडायचं. बऱ्याच कॅशे त्याला नवीन पान समजतात आणि ताजं आणून देतात. लिंक उगवली तर कॅशेच.

आता कोड. आयडी अधिक एक

शेजारी काढायला पोस्टच्या आयडीत, म्हणजे डेटाबेसने तिला दिलेल्या नंबरात, एक मिळवायचा किंवा वजा करायचा अशी पद्धत असते, ४०४ वालं आणि ७१ वालं लक्षण तिथलं. ७१ ची गंमत आधी. जावास्क्रिप्टमध्ये पत्त्यातून आलेला आयडी आकडा नसतो, अक्षरं असतात. अक्षर "७" मधून १ वजा केला तर जावास्क्रिप्ट गपचूप आकडा करून ६ देते, पण "७" मध्ये १ मिळवला तर ती मिळवत नाही, शेजारी चिकटवते: ७१. म्हणून मागची बरोबर आणि पुढची अंतराळात. ब्लॉगवर ७१ पोस्ट नसतील तर हेच ४०४ म्हणून दिसतं.

आकड्यात बदलून घेतलं की हे लक्षण जातं आणि लोक खूश होऊन थांबतात. थांबू नका, कारण आयडी अधिक एक ही कल्पनाच चुकीची आहे. आयडी म्हणजे हजेरीपटावरचा नंबर नाही, टोकन आहे. कुणी टोकन घेऊन निघून गेला तरी पुढच्याला त्याच्या पुढचंच मिळतं. पोस्ट डिलीट झाली की भोक पडतं. काहीच डिलीट केलं नाही तरीही पडतं: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं (अर्धवट काम रद्द झालं) तरी सिक्वेन्स (नंबर देणारा काउंटर) मागे येत नाही, मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनातही ऑटो-इन्क्रिमेंटचा वापरलेला आकडा परत मिळत नाही. शिवाय मधला आयडी ड्राफ्टचा असू शकतो. आणि मार्चमध्ये लिहायला घेतलेली पोस्ट जूनमध्ये प्रसिद्ध केली तर तिचा आयडी मार्चचाच राहतो.

याचीच चुलत बहीण म्हणजे सगळ्या पोस्टची यादी मेमरीत घेऊन इंडेक्सने (यादीतल्या जागेच्या आकड्याने) शेजारी काढणं. पायथनमध्ये पहिल्या पोस्टचा इंडेक्स ० असतो, त्यातून एक वजा केला की उणे एक, आणि पायथनमध्ये उणे एक म्हणजे यादीतली शेवटची वस्तू. एरर नाही काही नाही, गोल फिरायला लागतं. जावास्क्रिप्टमध्ये वेगळा प्रकार: फाइंडइंडेक्सला पोस्ट सापडली नाही (आयडी एकीकडे अक्षर, दुसरीकडे आकडा, हेच कारण) तर ते उणे एक देतं, त्यात आपण एक मिळवतो, शून्य होतं, आणि "पुढची" जिथून दाबाल तिथून यादीतल्या पहिल्याच पोस्टवर जाते.

क्वेरीत क्रम लिहिलाय का

"मागची" दरवेळी ब्लॉगच्या पहिल्याच पोस्टवर जाते, ते हे. क्वेरी अशी असते: या तारखेपेक्षा लहान तारीख असलेल्या पोस्ट शोध आणि त्यातली पहिली दे. वाचायला बरोबर वाटतं. पण लहान तारखेच्या पोस्ट तर शंभर आहेत, त्यातली "पहिली" कुठली? जँगो आणि रेल्स या दोन्ही फ्रेमवर्कमध्ये क्रम सांगितला नाही तर फर्स्ट हे प्रायमरी की-च्या (सहसा आयडीच्या) चढत्या क्रमाने घेतं, म्हणजे सगळ्यात जुनी. आपल्याला हवी होती सगळ्यात जवळची. "पुढची"ला मात्र हीच चूक झाकली जाते, कारण मोठ्या तारखेच्या पोस्टमधली चढत्या क्रमाने पहिली हीच सहसा जवळची असते. म्हणून एक बाजू चालते, एक नाही, आणि माणूस चालणाऱ्या बाजूचा कोड कॉपी करून उलटं चिन्ह लावत बसतो.

चिन्ह फिरवलं की क्रमही फिरवायचा, बस. मागचीसाठी: तारीख लहान, क्रम उतरता, एकच रो (टेबलमधली ओळ). पुढचीसाठी: तारीख मोठी, क्रम चढता, एकच रो. आणि क्रम कधीच डेटाबेसच्या मर्जीवर सोडायचा नाही, क्वेरीत ऑर्डर बाय (क्रम सांगणारा भाग) नसेल तर रो कुठल्याही क्रमाने द्यायची त्याला मुभा आहे, आज बरोबर आल्या म्हणून उद्या येतीलच असं नाही.

कुठल्या तारखेवर क्रम लावलाय तेही बघून घ्या. बदलाची तारीख वापरली असेल तर तीन वर्षांपूर्वीच्या पोस्टमधली एक वेलांटी सुधारली की ती पोस्ट रांगेत सगळ्यात पुढे येते. प्रसिद्धीची तारीख वापरा.

सारख्या तारखा, आणि सेकंदाच्या आतल्या भानगडी

इथे जरा थांबू, कारण इथवर सगळं बरोबर असूनही पोस्ट वगळली जाते ती यामुळे, आणि हे पटकन सापडत नाही.

दोन पोस्टची प्रसिद्धीची वेळ अगदी सारखी असेल तर "यापेक्षा लहान" मध्येही दुसरी येत नाही आणि "यापेक्षा मोठी" मध्येही येत नाही. दोघी एकमेकींना दिसतच नाहीत. वेळ सारखी कशी असेल असं वाटतं, पण जुन्या सिस्टीममधून पोस्ट एकगठ्ठा आयात केल्या की सगळ्यांवर एकच सेकंद बसतो, किंवा कॉलममध्ये नुसती तारीखच साठवली असेल, वेळच नाही, तर एका दिवसात दोन पोस्ट टाकल्या की झालंच. मायएसक्यूएलमध्ये डेटटाइम कॉलम वेगळं काही न सांगता बनवला तर तो पूर्ण सेकंदच ठेवतो, त्यामुळे स्क्रिप्टने टाकलेल्या पोस्ट सहज एका सेकंदात बसतात.

"लहान किंवा समान" करून सुटत नाही, मग पोस्ट स्वतःलाच शेजारी समजते. उपाय म्हणजे बरोबरी सोडवायला दुसरा निकष द्यायचा, आयडी. मागची कोण? जिची तारीख लहान आहे ती, किंवा तारीख समान आहे पण आयडी लहान आहे ती. क्रमही दोन्हींवर लावायचा, आधी तारीख मग आयडी, दोन्ही एकाच दिशेने. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट (३.१५ पासून) तारीख आणि आयडीची जोडी एकदम कंसात घालून तुलना करू देतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र वरचं "किंवा"वालं लांबलचक रूपच लिहावं लागतं. आणि यादीच्या पानाचा क्रमही हाच करा, हे विसरलात तर परत दोन रांगा. जँगोवाल्यांना एक आयती सोय आहे, तारखेच्या फील्डवर गेट_नेक्स्ट_बाय आणि गेट_प्रीव्हियस_बाय अशा मेथड मिळतात, त्या बरोबरी झाली की प्रायमरी की बघतात. फक्त ते फील्ड रिकामं असायला परवानगी नको, आणि शेजारी नसेल तर त्या रिकामं उत्तर देत नाहीत, एक्सेप्शन फेकतात, म्हणून टोकाच्या पोस्टवर पान फुटलं तर दचकू नका, तेवढं एक्सेप्शन पकडा.

आता "पुढची दाबलं की तीच पोस्ट". पोस्टग्रेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत ठेवतं, दशांशानंतर ६ आकडे. जावास्क्रिप्टचं डेट फक्त मिलिसेकंदापर्यंत, ३ आकडे. पोस्टची वेळ डेटाबेसात ३०.१२३४५६ सेकंद आहे, नोडमध्ये (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये) आली तेव्हा ३०.१२३ झाली, शेपूट कापलं गेलं. मग आपण विचारतो ३०.१२३ पेक्षा मोठी वेळ असलेली पोस्ट दे, आणि डेटाबेस अगदी प्रामाणिकपणे तीच पोस्ट देतो, कारण ३०.१२३४५६ मोठीच आहे की! मागची मात्र बरोबर चालते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझी एक आख्खी संध्याकाळ गेली होती. इथे आयडीचा दुसरा निकषही कामाला येत नाही, कारण बरोबरी होतच नाही. "आयडी हाच नसावा" अशी अट घालून लक्षण जातं, पण खरी दुरुस्ती म्हणजे वेळ बाहेर काढून परत आत पाठवायचीच नाही: डेटाबेसला फक्त आयडी द्या, आणि या आयडीची वेळ काय ते सबक्वेरीने (क्वेरीच्या आतल्या क्वेरीने) त्यालाच बघू द्या.

कोणाला रांगेत घ्यायचं

यादीच्या क्वेरीत अट असते, प्रसिद्ध झालेल्याच. लिंकच्या क्वेरीत ती लिहायची राहून जाते. त्यातही नुसतं स्टेटस बघून भागत नाही, शेड्यूल केलेल्या पोस्टचं स्टेटस काही सिस्टीममध्ये प्रसिद्धच असतं, फक्त तारीख पुढची असते, म्हणून प्रसिद्धीची तारीख आत्ताच्या वेळेच्या आत आहे ही अटही हवी. वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवल्या असतील आणि "आत्ता" मात्र लोकल वेळेने काढत असाल तर पोस्ट काही तास लवकर किंवा उशिरा दिसेल. कॅटेगरीचं पण ठरवा: वाचक एका कॅटेगरीतून आला तर शेजारी त्याच कॅटेगरीतला द्यायचा का सगळ्या ब्लॉगमधला? दोन्ही चालतं, पण मागचीला एक आणि पुढचीला दुसरं असं नको, आणि हेही मी पाहिलंय.

सोपा इलाज: "दिसण्यायोग्य पोस्ट, या क्रमाने" एवढी एकच व्याख्या कोडमध्ये एका जागी लिहा आणि यादी, मागची, पुढची, आरएसएस सगळ्यांना तिथूनच घ्यायला लावा.

रिकाम्या तारखा हा शेवटचा खोडा. तारीख नल असेल तर तिच्याशी केलेली कुठलीही तुलना ना खरी ना खोटी, त्यामुळे त्या पोस्टला दोन्ही शेजारी मिळत नाहीत. वर उतरत्या क्रमाने लावलं की पोस्टग्रेस नल आधी ठेवतं, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट शेवटी. लोकलला एसक्यूलाइट, सर्व्हरला पोस्टग्रेस, आणि क्रम वेगळा का येतो म्हणून डोकं धरून बसलेले मी बरेच पाहिलेत. प्रसिद्ध झालेल्या कुठल्याच पोस्टची तारीख रिकामी राहणार नाही याची सोय करा.

पत्ता बदलतो, मजकूर नाही

इथे डेटाबेस निर्दोष आहे. सिंगल पेज ॲपमध्ये (पान पुन्हा न आणता ब्राउझरमध्येच मजकूर बदलणारं ॲप) एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर गेलं की राउट तोच राहतो, फक्त स्लग बदलतो. व्ह्यू राउटर अशा वेळी तोच कंपोनंट (पानाचा भाग) परत वापरतो, सुरुवातीचे हुक (कंपोनंट बनताना चालणारा कोड) पुन्हा चालत नाहीत, म्हणून स्लगवर वॉच (बदलावर लक्ष ठेवणारा कोड) लावावा लागतो. रिॲक्टमध्ये युजइफेक्टच्या डिपेंडन्सीत (काय बदललं की कोड परत चालवायचा त्या यादीत) स्लग लिहायचा राहून गेलेला असतो. लोक वैतागून कंपोनंटला स्लगची की देतात, मग तो दरवेळी नवाच बनतो. चालतं, मी पण देतो कधीकधी. भराभर "पुढची" दाबल्यावर मागच्याच पोस्टचा मजकूर येऊन बसत असेल तर जुन्या रिक्वेस्टचं उत्तर उशिरा येतंय, पान बदललं की आधीची रिक्वेस्ट रद्द करा.

बरोबर आहे पण पान रेंगाळतं

लॉग उघडा आणि क्वेरी मोजा. मागची-पुढची मॉडेलमध्येच (पोस्टचा डेटा सांभाळणाऱ्या कोडमध्ये) घालून ठेवली असेल आणि यादीच्या पानालाही तेच मॉडेल जात असेल, तर २० पोस्टच्या यादीला १ ऐवजी ४१ क्वेरी होतात. यादीत त्या लिंका दाखवतही नाही आपण! तिथून काढा. एका पोस्टच्या पानावर दोन छोट्या क्वेरी काही जड नाहीत, स्टेटस, तारीख आणि आयडी या क्रमाने डेटाबेसात एक इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) घाला आणि एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी आज्ञा) चालवून तो वापरला जातोय ना ते बघा.

काहीजण इथे लॅग आणि लीड (रांगेतली आधीची आणि नंतरची रो देणारी एसक्यूएल फंक्शन) वापरतात. पोस्टग्रेसमध्ये ती ८.४ पासून म्हणजे २००९ पासून आहेत, मायएसक्यूएलमध्ये ८.० आणि एसक्यूलाइटमध्ये ३.२५ पासून, दोन्ही २०१८. फंक्शन छान आहेत पण एक खड्डा आहे: वेअरची (रो गाळणारी) अट आधी लागते आणि लॅग-लीड नंतर. त्याच क्वेरीत "आयडी ७ चीच रो" अशी अट घातली की रांगेत एकटी ७ उरते आणि दोन्ही शेजारी नल. आत आख्खी रांग लावा, आयडीची अट बाहेरच्या क्वेरीत घाला. अर्थात मग दरवेळी आख्खी रांग लागते, म्हणून एका पानासाठी मी आपल्या दोन साध्या क्वेरीच पसंत करतो.

आणि हे सगळं सर्च रँकिंगसाठी करत असाल तर, गूगलने मार्च २०१९ मध्येच सांगितलंय की इंडेक्सिंगसाठी ते रेल नेक्स्ट-प्रीव्ह (कोडमध्ये मागच्या-पुढच्या पानाची खूण) बघत नाहीत. साध्या, दाबता येणाऱ्या लिंका ठेवा.

इथे थांबा आणि माहितगाराला बोलवा

वरचं बहुतेक सगळं स्वतः करता येतं. पण काही ठिकाणी पुढे जाऊ नका.

चालू डेटाबेसात तारखा दुरुस्त करायची वेळ आली आणि बॅकअप नाही, किंवा आहे पण तो परत लावून कधी पाहिलेला नाही, तर थांबा. आयातीत सगळ्या तारखा एक झाल्या असतील तर मूळ तारखा जुन्या एक्स्पोर्टमध्ये किंवा लॉगमध्ये अजून असू शकतात, पण एक चुकीचा अपडेट चालवला की कुठल्या रो हात लागलेल्या आणि कुठल्या मूळच्या हे सांगता येत नाही. डेटाबेसवाल्या माणसाला द्या.

एकाच ॲपवर अनेकांचे ब्लॉग असतील आणि "पुढची" दुसऱ्याच्या ब्लॉगवरची किंवा खाजगी पोस्ट दाखवत असेल, तर हा लिंकचा बिघाडच नाही, परवानग्यांचा आहे, आणि तो आणखी कुठे कुठे गळतोय ते कुणी जाणत्याने बघितलं पाहिजे. तोवर दोन्ही लिंका बंद करून टाका, त्यांच्यावाचून वाचकांचं काही अडत नाही.

मोठ्या टेबलवर इंडेक्स घालायचा आहे आणि साइट चालू आहे, तर तो घालताना टेबल लॉक होऊन साइट अडकू शकते, हेही एकट्याने रात्री करून बघायचं काम नाही. आणि कोड दुसऱ्याने लिहिलाय, टेस्ट नाहीत, एक जागा दुरुस्त केली की दुसरी मोडते असं दोनदा झालं, तर तिसऱ्यांदा करू नका.

बोलवलंत की त्याला एवढं हातात द्या: कुठल्या पोस्टवर उभे होतात, काय दाबलं, कुठे जायला हवं होतं, कुठे गेलं, डेटाबेस कुठला आणि त्याची आवृत्ती, हे कधीपासून होतंय आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं. जाऊन-येऊन चाचणीच्या दोन याद्या पण द्या, जिथे फाटल्या तिथे खूण करून.